अणीदार टोमाहॉक आणि जहाजावरची चढाई-कुऱ्हाड : संग्राह्य वस्तू व इतिहासाचे साधन

भौतिक साधनांचा अभ्यास करताना नाणी, ताम्रपट, खापरे यांविषयी आपण बरेच वाचतो. शस्त्राकडे साधन म्हणून पाहण्याची सवय मात्र आपल्याला कमी असते. प्रस्तुत पाठात आपण दोन कुऱ्हाडी पाहणार आहोत. पहिली उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडील वनप्रदेशातली, दुसरी युरोपीय व अमेरिकी युद्धनौकांवरची. दोन्हींच्या एका अंगाला पाते आणि विरुद्ध अंगाला टोकदार अणी असते. जुन्या वस्तूंच्या बाजारात त्या शेजारी शेजारी मांडल्या जातात आणि कित्येकदा एकीवर दुसरीची चिठ्ठी लागते. चिठ्ठी बदलली की किंमत बदलते, हे तर झालेच. पण ती वस्तू कोणाच्या इतिहासाची साक्ष देते, तेही बदलते.

‘टोमाहॉक’ हा शब्द १७ व्या शतकाच्या आरंभी व्हर्जिनियातील मूळनिवासींच्या अल्गॉन्क्वियन कुळातील भाषेतून इंग्रजीत आला. लोखंडी पाते मात्र व्यापारातून आले. फ्रेंच, डच आणि इंग्रज व्यापारी बीव्हरच्या कातड्यांच्या मोबदल्यात कुऱ्हाडी देत. म्हणजे ‘अस्सल मूळनिवासी शस्त्र’ म्हणून मिरवणारे पाते बहुधा युरोपातल्या किंवा वसाहतीतल्या लोहाराने घडवलेले असते. त्याची मागणी, सजावट आणि वापर मूळनिवासींचा. अशी वस्तू ‘यांची की त्यांची’ असा प्रश्न विचारणेच मुळात चुकीचे वाटते. ती व्यवहाराची वस्तू आहे.

अणीदार प्रकार विशेषतः १८ व्या शतकात दिसतो. वसाहतीतील गोऱ्या सैनिकांनीही टोमाहॉक उचलला. १८ जुलै १७७५ रोजी अमेरिकेच्या काँग्रेसने नागरी सैन्याविषयी जो ठराव केला, त्यात प्रत्येकाकडे तलवार किंवा टोमाहॉक असावा, अशी शिफारस आहे. तेव्हा अणीदार टोमाहॉक दिसला की तो मूळनिवासी योद्ध्याचाच, असे गृहीत धरता येत नाही.

आता जहाजाकडे वळू. शत्रूच्या जहाजाला आपले जहाज भिडवून त्यावर चढून जाणे, ही शिडाच्या काळातील लढाईची एक रीत होती. १ जून १८१३ रोजी बोस्टनबाहेर ब्रिटिश ‘शॅनन’ने अमेरिकी ‘चेसापीक’ अशाच चढाईने सुमारे पंधरा मिनिटांत जिंकले. कुऱ्हाडीचे नाव या चढाईवरून पडले, पण नावाने फसू नये. तिचे रोजचे काम अधिक रुक्ष होते : डोलकाठी कोसळली की तिच्यासह लोंबणारे दोरखंड तोडणे, आग लागली की जळती लाकडे अणीत अडकवून ओढून समुद्रात ढकलणे. अमेरिकी नौदलाच्या जुन्या कुऱ्हाडींच्या पात्याला खालच्या कडेवर खाचा असतात, त्या या ओढण्यासाठीच. लढाईपेक्षा स्वतःचे जहाज वाचवण्यासाठी ती अधिक उपयोगी पडत असावी, असे तिची घडणच सांगते.

मग ओळखायचे कसे? चढाई-कुऱ्हाड सरकारी मागणीवरून, एका नमुन्याबरहुकूम बनत असे. पात्यापासून दांड्यावर उतरणाऱ्या लोखंडी पट्ट्या, कमरपट्ट्यात अडकवायचा आकडा, ब्रिटिश असल्यास सरकारी मालमत्तेची बाणाची खूण, अशा गोष्टी पाहाव्यात. टोमाहॉक सहसा हलका असतो. त्याचे पाते पुष्कळदा लोखंडाची पट्टी दुमडून केलेले असते. दुमडलेल्या जागी दांड्याचे नेढे तयार होते आणि धारेला पोलादाचा तुकडा तापवून जोडलेला असतो. तो जोड बारकाईने पाहिला तर दिसतो. साच्यात ओतलेल्या नव्या नकलेत तो नसतो. गंज मात्र भरवशाचा नाही, कारण आम्लाने तो हवा तेवढा चढवता येतो. दांडा तर पुष्कळदा बदललेला असतो. शिवाय १९ व्या–२० व्या शतकातील अग्निशामक दलाच्या साध्या कुऱ्हाडी ‘नौदलाच्या’ म्हणून सर्रास विकल्या जातात. (आपल्याकडच्या तबर-जाघनोल या शस्त्रातही पाते आणि चोच एकत्र असते, पण आकार सारखा म्हणून नाते जोडू नये.)

वस्तू जिथे सापडली तिथलीच असेल, असेही नाही. १८०४–०५ च्या हिवाळ्यात लुईस आणि क्लार्क यांच्या तुकडीतील जॉन शील्ड्स या लोहाराने फोर्ट मँडन येथे मक्याच्या बदल्यात युद्धकुऱ्हाडी घडवून दिल्या. १८०६ मध्ये परतीच्या वाटेवर त्यांपैकीच कुऱ्हाड रॉकी पर्वतापलीकडे नेझ पर्स लोकांकडे आढळल्याची नोंद तुकडीतील सार्जंट ऑर्डवे याच्या रोजनिशीत आहे. हातोहात देवाणघेवाण होत ती तिथवर पोहोचली होती. रोजनिशी नसती तर केवळ लोखंडावरून हे कोणाला सांगता आले असते?

हॅरल्ड पीटरसन यांनी १९६५ मध्ये टोमाहॉकांवर लिहिलेला ग्रंथ संग्राहक आजही चाळतात. त्यातील प्रकारांची विभागणी उपयोगी आहे. पण प्रकार कळला म्हणजे मालकी कळली, असे नव्हे. पॉन्का जमातीचे प्रमुख स्टँडिंग बेअर यांचा चिलीम-टोमाहॉक हे याचे ठळक उदाहरण. १८७९ च्या ओमाहा येथील खटल्यात मूळनिवासी हा कायद्याच्या अर्थाने ‘व्यक्ती’ आहे, असा निकाल लागला. त्यानंतर स्टँडिंग बेअर यांनी तो टोमाहॉक आपले वकील जॉन वेब्स्टर यांना कृतज्ञतेने दिला. पुढे तो खाजगी संग्रहातून हार्वर्ड विद्यापीठाच्या पीबॉडी संग्रहालयात गेला. भेट दिलेली वस्तू परत मागता येते का, हा प्रश्न इथे उभा राहतो. चोरी नव्हती, लूट नव्हती. पण ज्याला दिली तो गेल्यावर ती विक्रीची वस्तू झाली, आणि हे देणाऱ्याने कधी मान्य केले नव्हते. पॉन्कांनी ती मागितली आणि २०२२ मध्ये संग्रहालयाने ती त्यांच्या हाती दिली.