मेरी बार्बर आणि पेनिसिलिनला न जुमानणारा जंतू

११ डिसेंबर १९४५ रोजी स्टॉकहोममध्ये नोबेल व्याख्यान देताना अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी एक काल्पनिक गोष्ट सांगितली. घसा दुखणारा एक गृहस्थ स्वतःच पेनिसिलिन घेतो, पण अपुरे. जंतू मरत नाहीत. उलट औषध पचवायला शिकतात. मग ते त्याच्या पत्नीला ग्रासतात आणि पेनिसिलिन देऊनही ती दगावते.

गोष्ट परिणामकारक होती आणि इशारा योग्यच होता. पण लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात त्याच सुमारास जे घडू लागले होते, ते या गोष्टीत बसणारे नव्हते. ते ओळखले मेरी बार्बर या जंतुशास्त्रज्ञ विदुषीने. त्यांचे नाव आज वैद्यकाच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणी घेत नाही. म्हणून हा थ्रेड.

बार्बर यांचा जन्म १९११ चा. त्यांच्या अभ्यासाचा विषय होता स्टॅफिलोकॉकस ऑरियस: गळू, जखमेतला पू, न्यूमोनिया, रक्तदोष अशा नाना रूपांनी प्रकटणारा जंतू. निरोगी माणसाच्या नाकातही तो निमूटपणे राहतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे लागेल.

रुग्णांकडून मिळालेल्या या जंतूंपैकी पेनिसिलिनला दाद न देणारे किती, याची नोंद त्या ठेवत गेल्या. १९४६ मध्ये प्रमाण सुमारे १४ टक्के होते. १९४७ मध्ये ते ३८ वर आणि १९४८ मध्ये ५९ वर गेले. औषध सर्रास हाती येऊन जेमतेम काही वर्षे झाली होती!

मग प्रत्येक रुग्णाच्या शरीरात जंतू नव्याने शिकत होते काय? बार्बर यांचे उत्तर नकारार्थी होते. प्रयोगशाळेत थोड्या थोड्या पेनिसिलिनवर वाढवून 'तयार' केलेले जंतू आणि रुग्णालयात सापडणारे जंतू यांत मूलभूत भेद होता. रुग्णालयातले जंतू पेनिसिलिनेज नावाचे विकर निर्माण करून औषधाचाच नाश करीत. (अशा विकराचे अस्तित्व अब्राहम आणि चेन यांनी १९४० मध्येच, दुसऱ्या एका जंतूत, दाखवले होते.) म्हणजे ही विद्या थोड्या जंतूंपाशी आधीपासूनच होती. पेनिसिलिनने त्यांचे दुबळे भाऊबंद मारले आणि त्यांना रान मोकळे करून दिले.

विशिष्ट जिवाणुभक्षी विषाणू कोणत्या जंतूला मारतात, यावरून त्याचा वंश ओळखण्याची पद्धत तेव्हा उपलब्ध होती. तिच्या साहाय्याने पाहता हे प्रतिरोधक जंतू मोजक्याच वंशांचे निघाले. एकाच कुळातले जंतू खाटेवरून खाटेवर फिरत होते आणि त्यांना नेणारे होते परिचारिका-डॉक्टरांचे हात व नाक. प्रसूतिगृहांत तर नवजात बालकांपर्यंत ते पोहोचले.

माझ्या मते बार्बर यांच्या कार्याचा गाभा इथे आहे. फ्लेमिंग यांच्या गोष्टीत दोषी होता एक बेफिकीर रुग्ण. बार्बर यांच्या निष्कर्षांत खुद्द रुग्णालयाची रीतच आरोपी ठरत होती. डॉक्टरमंडळींना हे ऐकणे सुखावह असण्याचे कारण नव्हते.

मधली काही वर्षे सेंट थॉमस रुग्णालयात काढून त्या १९५८ मध्ये हॅमरस्मिथला परतल्या आणि आपले म्हणणे कसोटीला लावले. पेनिसिलिनचा वापर आवरायचा, स्टॅफिलोकॉकसविरुद्धची औषधे एकेकटी न देता जोडीने द्यायची आणि एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे होणारा संसर्ग रोखायचा, असे धोरण रुग्णालयाने स्वीकारले. प्रतिरोधक जंतूंचे प्रमाण उतरले! १९६० मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी तो वृत्तान्त ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला. चढलेला प्रतिरोध उतरवता येतो, हे चालत्या रुग्णालयात दाखवून देणारा हा प्रयोग होता. त्यासाठी नवे औषध शोधावे लागले नाही. हाताशी होती ती जपून वापरावी लागली.

नवे औषधही त्याच सुमारास आले: पेनिसिलिनेजला न बधणारे मेथिसिलिन. त्यालाही पुरून उरणारे जंतू पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी १९६१ च्या आरंभी जाहीर केले. त्याच वर्षी बार्बर यांचाही मेथिसिलिन-प्रतिरोधक जंतूंवरचा विस्तृत निबंध आला. आज रुग्णालयांत 'एमआरएसए' म्हणून धडकी भरवणारा जंतू तो हाच.

१९६३ मध्ये लॉरेन्स गॅरॉड यांच्यासह त्यांनी प्रतिजैविकांवरचा ग्रंथ लिहिला. सप्टेंबर १९६५ मध्ये मोटार अपघातात त्यांचा अंत झाला. वय अवघे ५४. ग्रंथाच्या पुढच्या आवृत्त्या इतरांनी सिद्ध केल्या.