आज्जीची एकादशी

"मलेरियाच्या गोळ्या आपल्या घराला सोसत नाहीत." आज्जीचं हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. तिन्हीसांजेला झाडू नये, मंगळवारी केस कापू नयेत, त्याच रांगेतलं हेही एक. आम्ही भावंडं हसायचो.

आज्जी म्हणजे आईची आई. हैदराबादला सुलतान बाजारजवळ बडी चावडीत त्यांचं बिऱ्हाड होतं. खाली दुकानं, वर घरं, मागे पाण्याचा हौद. डासांना कधीच तोटा नव्हता. तसं हैदराबाद आणि मलेरिया हे नातं जुनंच. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले ते इथेच, सिकंदराबादेत बेगमपेठला. हुसेन खान नावाच्या रुग्णाने त्यासाठी डासांकडून चावून घेतलं होतं, दर चाव्याला एक आणा घेऊन.

स्वातंत्र्यानंतर १९५३ साली मलेरिया नियंत्रणाची मोहीम सुरू झाली. घराघरांत डीडीटीची फवारणी झाली. १९६१ साली देशभरात रुग्ण पन्नास हजारांच्या आसपास उरले होते. मग ढिलाई आली, डीडीटीला डास दाद देईनात, आणि १९७६ साली हाच आकडा सुमारे ६४ लाखांवर गेला.

त्या ६४ लाखांत एक माझा मामा.

तेव्हा तो बारावीच्या वयाचा होता. थंडी वाजून ताप आला, रक्त तपासलं, मलेरिया निघाला. खात्याचा माणूस घरी येऊन गोळ्या देऊन गेला. आधी क्लोरोक्विन, मग पाच दिवस प्रायमाक्विन. क्लोरोक्विन रक्तातले जंतू मारतं, पण एका जातीचे जंतू यकृतात दडून बसतात आणि काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन. औषध चांगलंच, आजही लागतं.

दुसऱ्या गोळीच्या दिवशी एकादशी होती. मामाला उपास. आज्जीने म्हटलं, "गोळी चुकवायची नाही, सरकारी माणूस सांगून गेलाय," आणि उपाशीपोटीच दिली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मामाचे डोळे पिवळे झाले, लघवी काळी. दवाखान्यात दोन बाटल्या रक्त चढवलं तेव्हा कुठे पोरगं वाचलं. शेजारीपाजारी म्हणाले, काळी कावीळ. आज्जी म्हणाली, माझी एकादशी.

पुढल्या वर्षी मामाला वरंगलच्या इंजिनियरिंग कॉलेजात प्रवेश मिळत होता. आज्जीने पाठवलं नाही. "नाजूक प्रकृतीचा आहे, हॉस्टेलात कोण बघणार?" मामाने वह्या-पुस्तकांचं दुकान टाकलं. कधी तक्रार केली नाही. पण 'नाजूक' हा शिक्का आयुष्यभर राहिला. आणि आज्जीने मरेपर्यंत एकादशीला दुसऱ्या कुणाला उपास करू दिला नाही, एकटी करायची.

२०११ साली पावसाळ्यात मला मलेरिया झाला. डॉक्टरांनी चौदा दिवसांचं प्रायमाक्विन लिहून दिलं आणि विचारलं, "घरात कुणाला कुठलं औषध बाधलंय का?" मी म्हटलं, नाही. आई फोनवर म्हणाली, "अरे, त्या गोळ्या आपल्याला..." मी म्हटलं, "आई, नक्को गं आता ते."

चौथ्या दिवशी सकाळी लघवी कोऱ्या चहासारखी. जिना चढताना दम लागला. हिमोग्लोबिन तेरावरून साडेसातवर आलेलं. डॉक्टरांनी गोळी तिथल्या तिथे बंद केली आणि पुन्हा विचारलं, "आईकडच्या कुणा पुरुषाला असं झालं होतं?" आई शेजारीच उभी होती. तिने मामाची सगळी हकिकत सांगितली.

आमच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एक विकर कमी आहे. ते नसलं की काही औषधांनी तांबड्या पेशी फुटतात. शिकागोजवळच्या स्टेटव्हिल तुरुंगातल्या कैद्यांवर प्रायमाक्विनचे प्रयोग चालले होते, त्यातून १९५६ साली हे कारण उमगलं. म्हणजे मामाच्या आजाराच्या वीस वर्षं आधी ते छापून आलेलं होतं. पण लाखोंच्या साथीत दारोदार फिरणारा माणूस कुणाकुणाचं रक्त तपासणार?

हा दोष आईकडून मुलाकडे येतो. आईला स्वतःला बहुधा त्रास होत नाही. गंमत अशी, की जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथेच हा दोष जास्त आढळतो, कारण तो मलेरियापासून थोडं संरक्षणही देतो.

माझी तपासणी तीन महिन्यांनी केली. पेशी फुटल्यावर लगेच केली तर नव्या पेशींमुळे निकाल फसवा येऊ शकतो. मग मामाची केली, बहिणीच्या मुलाची केली. तिघांचा निकाल एकच. आता तिघांच्या पाकिटात चिठ्ठी असते, आणि कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही गेल्या, कारण त्याही आम्हाला चालत नाहीत.

मामाला कागद वाचून दाखवला तेव्हा तो दुकानातच बसला होता. बराच वेळ वह्यांचा गठ्ठा सारखा करत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे उपासाचा काही संबंध नव्हता."

"नव्हता."

"आणि मी नाजूकही नव्हतो."

"नव्हतास."

"आईला हे कळायला पाहिजे होतं रे."

वरंगलचं नावही त्याने काढलं नाही.

आपल्या घराघरांत अशी वाक्यं असतात. 'आपल्याला अमुक सोसत नाही', 'आपल्याकडे तमुक चालत नाही'. त्यातली बरीचशी नुसती वाक्यंच असतील. पण एखाद्यामागे कुणीतरी दवाखान्यात काढलेली रात्र असते. घरातलं म्हातारं माणूस आहे तोवर विचारून घ्या, कुणाला, केव्हा, कशाने. आणि डॉक्टरांनी विचारलं तर माझ्यासारखं 'नाही' म्हणून मोकळे होऊ नका.

आज्जीचं कारण चुकलं होतं. वाक्य बरोबर होतं.