जुगाड, अंगद आणि बदल केलेला ट्रॅक्टर: रस्त्यावर आणण्यापूर्वी काय तपासावे?

ऊस गाळप हंगामात वळसंग परिसरातून कारखान्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉलीबरोबरच जुगाड आणि अंगदही निघतात. छोट्या ट्रॅक्टरला बैलगाडीसारखी छकडी जोडलेली ही वाहने कमी खर्चात काम भागवतात. पण शेतातून निघून सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावर आल्यावर त्यांना मोटार वाहन कायदा, १९८८ लागू होतो. कागद अपुरे असताना अपघात झाला, तर भरपाईचा बोजा थेट शेतकऱ्यावर येऊ शकतो. त्यामुळे पुढील बाबी हंगामापूर्वीच तपासून घ्याव्यात.

कायद्यानुसार मोटार वाहन कोणते?

कलम २ (२८) नुसार रस्त्यावर वापरण्याजोगे, यांत्रिक शक्तीवर चालणारे वाहन म्हणजे मोटार वाहन. चारपेक्षा कमी चाके आणि २५ सीसीपर्यंतचे इंजिन असलेली वाहने यातून वगळली आहेत. फक्त कारखान्याच्या किंवा बंदिस्त आवारात वापरायची खास वाहनेही वगळली आहेत. ट्रेलर मात्र याच व्याख्येत येतो. म्हणून ट्रॅक्टरची नोंदणी आणि विमा असला, तरी ट्रॉलीची नोंदणी आणि विमा वेगळा पाहावा लागतो.

पाणी उपसण्याच्या इंजिनावर चालणारे जुगाड या व्याख्येत येते का, हा प्रश्न राजस्थानातील एका प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मे २०१३ मध्ये न्यायालयाने जुगाड हे मोटार वाहनच असल्याचा निर्णय दिला. त्यामुळे नोंदणी आणि विम्याशिवाय ते रस्त्यावर चालवता येत नाही.

धुराचे नियम कोणाला, कोणते?

- ट्रक, टेम्पो, जीप, मोटारसायकल यांसारख्या वाहनांसाठी १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू आहेत.
- कृषी ट्रॅक्टरसाठी ‘ट्रेम’ ही वेगळी मानके आहेत. ५० एचपीपेक्षा जास्त (३७ किलोवॅटच्या वर) शक्तीच्या नव्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ लागू झाले. या गटात कॉमन रेल इंधनप्रणाली आल्याने किंमत वाढली आणि दुरुस्तीही नेहमीच्या मिस्त्रीकडे होईलच असे नाही. खरेदीपूर्वी सेवा केंद्र किती लांब आहे ते पाहा.
- ही मानके पूर्ण करण्याची जबाबदारी उत्पादकाची असते. नव्या मॉडेलचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत तपासला जातो. गावातल्या वर्कशॉपमध्ये जोडलेल्या गाडीला असे मान्यतापत्र नसते, म्हणून आरटीओत तिची नोंदणी अडते.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील भाग वापरून किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले. पण ती नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या थांबवली जाईल, हेही त्यांनी सांगितले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. गाडी चालते म्हणून ती रस्त्यासाठी मान्य होतेच असे नाही.

इंजिन, इंधन किंवा सांगाडा बदलायचा असल्यास

कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. इंजिन बदलणे किंवा सीएनजी किट बसवणे शक्य आहे, पण त्यासाठी मान्यताप्राप्त किट आणि आरसी पुस्तकावर बदलाची नोंद हवी. डिझेलवरून सीएनजीवर रूपांतरित केलेला देशातील पहिला ट्रॅक्टर १२ फेब्रुवारी २०२१ रोजी सादर झाला.

परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलासाठी कलम १८२-अ (४) नुसार ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

सर्वांत मोठा धोका: विमा नसताना अपघात

तृतीय पक्ष विमा कलम १४६ नुसार सक्तीचा आहे. तो नसल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पण खरे नुकसान दंडाचे नाही. अपघातात कोणी दगावले किंवा अपंग झाले आणि विमा नसेल, तर न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई मालकाला द्यावी लागते. ती थकल्यास कलम १७४ नुसार जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते.

सीमेपलीकडून जुना ट्रॅक्टर घेताना

वळसंगपासून कर्नाटक जवळ असल्याने कलबुर्गी, विजयपूर भागातून जुने ट्रॅक्टर आणले जातात. अशा वेळी मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्या. वाहन १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ महाराष्ट्रात ठेवणार असाल, तर येथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. नाव हस्तांतरणासाठी खरेदीदाराने ३० दिवसांत अर्ज करावा. ट्रॅक्टर विकणाऱ्यानेही ते झाल्याची खात्री करावी, कारण नोंदीवर नाव राहिले तर अपघाताची जबाबदारी त्याच्यावरच येते.

हंगामापूर्वीची तपासणी

1. ट्रॅक्टरच्या आरसी पुस्तकाची मुदत (पहिली नोंदणी १५ वर्षे, नूतनीकरण ५ वर्षे) पाहा.
2. ट्रॉलीचा स्वतंत्र नोंदणी क्रमांक आणि विमा आहे का ते पाहा.
3. चेसिस व इंजिन क्रमांक आरसीशी जुळवून घ्या.
4. विमा पॉलिसीत ‘फक्त शेतीकाम’ अशी अट असल्यास, भाड्याने ऊस वाहतूक करण्यापूर्वी विमा कंपनीकडून लेखी खुलासा घ्या.
5. मडगार्डवर किंवा उसाच्या भरलेल्या ट्रॉलीवर माणसे बसवू नका.
6. ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्ट्या आणि चालू दिवे ठेवा.

कृषी सहायकांनी तोडणी-वाहतूक करारापूर्वीच्या गाव बैठकीत ही यादी वाचून दाखवावी. मुकादमाला उचल देण्याआधी त्याच्या वाहनाचे कागद मागणे सोपे असते, नंतर ते अवघड होते.