पद्मिनीची ठिणगी

ठाण्याहून शीळफाट्यामार्गे कल्याणकडे निघालात की वाटेत भंगाराची गोदामे दिसतात. याच कल्याण-शीळ रस्त्यावर, डोंबिवलीजवळ, एके काळी प्रीमियर कंपनीचा मोटारींचा कारखाना होता. तो बंद पडला. पण त्या कंपनीच्या जुन्या गाडीत आणि या भंगारात शिकण्याजोगी एक गोष्ट दडलेली आहे.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली. १९७४ मध्ये तिलाच ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. ते परवान्यांचे युग होते. स्पर्धा नव्हती, म्हणून गाडीचा मूळ नमुना दशकानुदशके फारसा बदलला नाही.

तिची ठिणगी कशी पडे? बॅटरीचा बारा व्होल्टचा प्रवाह कॉइलमधून वाहतो. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट उघडले की तो एकदम तुटतो आणि कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. फॅरेडेने १८३१ मध्ये शोधलेला नियम तो हाच! इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात. मग ते जळणार, झिजणार, टायमिंग हलणार आणि मिस्त्री म्हणणार, “गाडी मिसिंग मारतेय.”

यावर उपाय ट्रान्झिस्टरचा. अमेरिकेत १९६३ मध्ये पाँटिॲक गाड्यांसाठी तो उपलब्ध झाला. आपल्याकडच्या पद्मिनी मात्र पुढेही वर्षानुवर्षे पॉइंटवरच धावत राहिल्या.

आता मोडीतल्या नव्या गाडीचे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल जुनीला बसेल का? बसेल, पण समजून केले तर. सोप्या रीतीत पॉइंट तसेच ठेवतात. मुख्य प्रवाह ट्रान्झिस्टर तोडतो आणि पॉइंटवरून नुसता इशाऱ्यापुरता करंट जातो. मग पॉइंट जळत नाहीत, घासतात मात्र. दुसऱ्या रीतीत पॉइंटच्या जागी चुंबकीय सेन्सर येतो. तिथे घासण्याचाही प्रश्न मिटतो. मॉड्यूलला साजेशीच कॉइल हवी. कमी रोधाची कॉइल भलत्या मॉड्यूलला जोडली तर ते जळून जाईल. मॉड्यूल थंड राहावे म्हणून ते ॲल्युमिनियमच्या पट्टीवर घट्ट बसवावे लागते. शेवटी टायमिंग नव्याने लावायचे. आणि काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची तार काढायला विसरू नये; हा दाब जिवावर बेतू शकतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. गाड्या जातील, त्याचे एवढे दुःख नाही. पण पॉइंट लावणारा हातही त्यांच्याबरोबर जाईल आणि त्या हाताला ठाऊक असलेले शास्त्र कुणी लिहून ठेवलेले नसेल. म्हणून शिक्षकांना एक विनंती आहे. जवळच्या गॅरेजातून एखादा जुना डिस्ट्रिब्यूटर आणि एक निकामी मॉड्यूल मागून आणा आणि वर्गात शेजारी शेजारी मांडा. मिस्त्रींनाही बोलवा. फॅरेडेपासून ट्रान्झिस्टरपर्यंतचा इतिहास मुलांना टेबलावरच दिसेल.