संत व्हॅलेंटाइन : दिवस चर्चचा, प्रेम कवींचे

१/ रोमन सम्राट दुसरा क्लॉडियस याने सैनिकांच्या विवाहांवर बंदी घातली, व्हॅलेंटाइन नावाच्या धर्मगुरूंनी त्यांची लग्ने गुपचूप लावून दिली आणि त्यासाठी त्यांचा शिरच्छेद झाला. दर फेब्रुवारीत ही कथा सांगितली जाते. क्लॉडियस खरा होता. त्याने इ.स. २६८ ते २७० या काळात राज्य केले. अशा बंदीचा समकालीन पुरावा मात्र मिळत नाही.

२/ मग व्हॅलेंटाइन कोण? १४ फेब्रुवारीशी या नावाचे दोन हुतात्मे जोडले जातात. एक रोममधील धर्मगुरू, तर दुसरे इंटेराम्ना, म्हणजे मध्य इटलीतील आजचे तेर्नी, येथील बिशप. दोघांच्या कथांत इतके साम्य आहे की ही मुळात एकच व्यक्ती असावी, असे काही अभ्यासक मानतात.

३/ रोमहून उत्तरेकडे जाणाऱ्या फ्लामिनिया मार्गावर, पोप पहिला ज्युलियस (३३७–३५२) याच्या काळात व्हॅलेंटाइन या नावाने ओळखली जाणारी बॅसिलिका उभी राहिली. या नावाचा हा जुना आणि भक्कम पुरावा आहे.

४/ हुतात्म्यांची चरित्रे मात्र त्यांच्या मृत्यूनंतर काही शतकांनी लिहिली गेली. त्यांतील धर्मगुरू व्हॅलेंटाइन अ‍ॅस्टेरियस नावाच्या अधिकाऱ्याच्या अंध मुलीला दृष्टी देतात आणि ते सारे घर बाप्तिस्मा घेते. येथे विषय श्रद्धेचा आहे. प्रेमी युगुले नाहीत, चोरून लावलेली लग्ने नाहीत. त्या मुलीला लिहिलेली प्रेमाची चिठ्ठी ही फार नंतरची भर आहे.

५/ दुसरा लोकप्रिय दावा असा : १५ फेब्रुवारीचा रोमन उत्सव ‘लुपरकेलिया’ बंद करून पोप पहिला गेलेशियस (४९२–४९६) याने त्याच्या जागी व्हॅलेंटाइन दिन आणला. गेलेशियसने या उत्सवावर कठोर टीका करणारे पत्र लिहिले, हे खरे. पण त्या पत्रात व्हॅलेंटाइनचे नाव नाही. उत्सवात मुलींच्या नावांच्या चिठ्ठ्या काढून जोड्या लावत, या समजुतीलाही प्राचीन आधार नाही.

६/ मग प्रेम आले कुठून? इंग्रज कवी जेफ्री चॉसर याच्या, सुमारे १३८० च्या दशकातील ‘पार्लमेंट ऑफ फाउल्स’ या काव्यात संत व्हॅलेंटाइनच्या दिवशी सारे पक्षी निसर्गदेवतेपुढे जोडीदार निवडण्यासाठी जमतात. त्यापूर्वी या दिवसाचा प्रेमाशी संबंध दाखवणारा पुरावा सापडत नाही, असे जॅक ओरुच या अभ्यासकाने १९८१ साली मांडले.

७/ शंभर वर्षांच्या आत ही कविकल्पना घराघरांत पोहोचली. फेब्रुवारी १४७७ मध्ये नॉरफोकमधील मार्जरी ब्रूज हिने जॉन पॅस्टन याला पत्रात ‘व्हॅलेंटाइन’ असे संबोधले. लग्न हुंड्यावरून अडले होते आणि तिचे वडील रक्कम वाढवायला तयार नव्हते. माझ्यावर प्रेम असेल तर एवढ्यासाठी मला सोडणार नाहीस, असा तिच्या म्हणण्याचा आशय होता. त्याच वर्षी दोघांचे लग्न झाले.

८/ चर्चने स्वतः काय केले? १९६९ च्या सुधारणेत कॅथलिक चर्चने आपल्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून व्हॅलेंटाइन यांचा सण वगळला, कारण त्यांच्याविषयी खात्रीची माहिती फारच थोडी होती. रोमन हुतात्म्यांच्या सूचीत मात्र त्यांचे नाव कायम आहे.

९/ म्हणजे या दिवसाचे ख्रिस्ती मूळ खोटे नाही. नाव आणि तारीख चर्चची आहे, प्रेमाचा अर्थ मात्र त्या हुतात्म्यांनंतर सुमारे अकराशे वर्षांनी कवींनी दिला. पुढच्या काळाने तो अर्थ मागे नेऊन संतांच्या चरित्रात बसवला. म्हणून अशी कोणतीही कथा समोर आली की दोन तारखा तपासाव्यात : घटना कधीची सांगितली जाते, आणि ती प्रथम लिहिली कधी गेली.