चुंबकीय व प्रकाशीय तबकडी साठवण

चुंबकीय व प्रकाशीय तबकडी साठवण म्हणजे फिरत्या तबकडीच्या पृष्ठभागावर अंकीय विदा (डेटा) लिहिण्याचे, टिकवण्याचे आणि पुन्हा वाचण्याचे तंत्र होय. हार्ड डिस्क आणि फ्लॉपी डिस्क ही चुंबकीय साठवणीची, तर सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे ही प्रकाशीय साठवणीची उदाहरणे आहेत. १९५६ नंतरच्या सुमारे सात दशकांत हार्ड डिस्कवरील एका चौरस इंचात मावणाऱ्या विद्याची मात्रा सुमारे दोन हजार बिटांवरून एक लाख कोटी बिटांच्या पलीकडे, म्हणजे जवळपास ५० कोटी पटींनी वाढली. ही वाढ पदार्थविज्ञान, यांत्रिकी, प्रकाशशास्त्र आणि संकेतनशास्त्र यांतील सुधारणांमधून टप्प्याटप्प्याने साध्य झाली. घनता वाढली तसतशी चुकांसाठी उरलेली मोकळीक घटत गेली. त्यामुळे चुका ओळखून दुरुस्त करण्याची व्यवस्था या तंत्राचा अविभाज्य भाग बनली. महाराष्ट्रात सातबारासारखे मूलभूत अभिलेख संगणकावर आल्यापासून या तंत्राची विश्वासार्हता सामान्य खातेदाराच्या हक्काशीही जोडली गेली आहे.

मूलभूत तत्त्व

चुंबकीय तबकडीवर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. तबकडी फिरत असताना तिच्या अगदी जवळून जाणारे लेखनशीर्ष विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने या थरातील सूक्ष्म क्षेत्रांच्या चुंबकनाची दिशा ठरवते. वाचताना दिशा जेथे बदलते ती ठिकाणे ओळखली जातात व त्यांवरून शून्य आणि एक यांची मालिका पुन्हा मिळवली जाते. विदा समकेंद्री वर्तुळांवर लिहिला जातो. या वर्तुळांना ट्रॅक म्हणतात.

प्रकाशीय तबकडीत शीर्ष पृष्ठभागाच्या इतके जवळ जात नाही. पॉलिकार्बोनेटच्या तबकडीत सर्पिल मार्गावर सूक्ष्म खाचा उमटवलेल्या असतात व त्यांवर परावर्तक धातूचा थर असतो. भिंगाने एकवटलेला लेसर किरण या मार्गावरून जातो. सीडीवरील खाचेची खोली प्रकाशाच्या तरंगलांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते. त्यामुळे खाचेतून आणि सभोवतालच्या सपाट भागातून परतणारे तरंग एकमेकांना क्षीण करतात आणि परावर्तित प्रकाश मंदावतो. प्रकाशातील हा बदल विद्युत्संकेतात रूपांतरित केला जातो.

चुंबकीय तबकडीचा विकास

डेन्मार्कचे अभियंते वाल्डेमार पौलसन यांनी १८९८ मध्ये पोलादी तारेवर ध्वनी चुंबकीय रूपात मुद्रित करून दाखवला. संगणकासाठी तबकडीचा पहिला व्यापारी वापर १९५६ मध्ये आयबीएम कंपनीच्या ‘रॅमॅक’ या प्रणालीत झाला. रेनॉल्ड जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे हे यंत्र विकसित झाले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकाच आसावर मिनिटाला १,२०० फेरे घेत आणि त्यांवर ५० लाख अक्षरे मावत. पंच कार्डांच्या गठ्ठ्यातून किंवा फितीवरून एकामागून एक नोंद चाळण्याऐवजी हव्या त्या नोंदीपर्यंत थेट पोहोचता येणे, हे या यंत्राचे खरे वैशिष्ट्य होते.

घनता वाढवण्याचा मुख्य मार्ग म्हणजे शीर्ष आणि तबकडी यांतील अंतर कमी करणे. रॅमॅकमध्ये दाबयुक्त हवेच्या साहाय्याने हे अंतर सुमारे २० मायक्रोमीटर राखले जात असे. १९६१ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम १३०१ मध्ये तबकडीसोबत फिरणाऱ्या हवेच्या थरावरच शीर्ष तरंगू लागले आणि प्रत्येक पृष्ठभागासाठी स्वतंत्र शीर्ष आले. १९७३ च्या ‘विंचेस्टर’ रचनेत हलकी शीर्षे आणि वंगण दिलेल्या तबकड्या एकाच बंदिस्त पेटीत ठेवण्यात आल्या. यंत्र थांबल्यावर शीर्ष तबकडीवरच अलगद टेकत असे. पुढील हार्ड डिस्क बव्हंशी या रचनेवर आधारलेल्या आहेत. आजच्या हार्ड डिस्कमध्ये हे अंतर केवळ काही नॅनोमीटर असते. एवढ्या अंतरात धुळीचा बारीक कणही शीर्षाला धडकून पृष्ठभाग खरवडू शकतो. म्हणून पेटीतील हवा गाळून स्वच्छ राखावी लागते.

बिटाचे क्षेत्र लहान झाले की त्यापासून मिळणारा संकेतही क्षीण होतो. सुरुवातीच्या शीर्षांमध्ये चुंबकीय क्षेत्र बदलताना वेटोळ्यात निर्माण होणारा विद्युत्दाब मोजला जाई. १९९० च्या दशकाच्या आरंभी आलेल्या नव्या वाचनशीर्षांमध्ये चुंबकीय क्षेत्रानुसार विद्युत्रोध बदलणारा पदार्थ वापरण्यात आला. आल्बेर फर्ट आणि पीटर ग्रुनबर्ग यांनी १९८८ मध्ये स्वतंत्रपणे शोधलेल्या ‘जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स’ या परिणामामुळे शीर्षांची संवेदनशीलता आणखी वाढली. काही अणूंच्या जाडीच्या चुंबकीय व अचुंबकीय थरांच्या रचनेत चुंबकनाची दिशा बदलताच विद्युत्रोधात मोठा फरक पडतो, असा हा परिणाम आहे. आयबीएमने १९९७ मध्ये तो हार्ड डिस्कमध्ये आणला. या शोधासाठी दोघांना २००७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

घनतेची मर्यादा

प्रत्येक बिट चुंबकीय थरातील अनेक सूक्ष्म कणांच्या समूहावर लिहिला जातो. बिट लहान करायचा तर कणही लहान करावे लागतात. कण ठरावीक आकारापेक्षा लहान झाले की सभोवतालच्या उष्णतेमुळे त्यांच्या चुंबकनाची दिशा आपोआप बदलू शकते आणि लिहिलेला विदा पुसला जाऊ शकतो. याला सुपरपॅरामॅग्नेटिक मर्यादा म्हणतात. अधिक कणखर चुंबकीय पदार्थ वापरल्यास कण स्थिर राहतात, परंतु त्यांवर लिहिण्यासाठी लागणारे चुंबकीय क्षेत्र इवल्याशा शीर्षातून निर्माण करणे कठीण होते. लहान कण, टिकाऊपणा आणि लेखनसुलभता या तीन गरजा एकाच वेळी पूर्ण होत नाहीत, हा या क्षेत्रातील मुख्य पेच आहे.

जपानमधील तोहोकू विद्यापीठाचे शुनइची इवासाकी यांनी १९७० च्या दशकात तबकडीच्या पृष्ठभागाला समांतर नव्हे, तर लंब दिशेने चुंबकन करण्याची पद्धत मांडली. ती २००५ मध्ये तोशिबा कंपनीच्या हार्ड डिस्कद्वारे बाजारात आली. २०१३ मध्ये हेलियम वायूने भरलेल्या हार्ड डिस्कची विक्री सुरू झाली. हेलियम हवेपेक्षा विरळ असल्याने घर्षण व कंपन कमी होते आणि त्याच पेटीत अधिक तबकड्या बसवता येतात.

उष्णतासाहाय्यित लेखन हा या पेचावरील अलीकडचा उपाय आहे. लोह व प्लॅटिनम यांच्या मिश्रधातूचा कणखर थर लेसरने क्षणार्धात काही शे अंश सेल्सिअसपर्यंत तापवला जातो. त्या क्षणी तो चुंबकीयदृष्ट्या मऊ होतो, शीर्ष त्यावर लिहिते आणि थंड होताच बिट पक्का होतो. सीगेट कंपनीने २०२४ मध्ये या पद्धतीच्या ३० टेराबाइट क्षमतेच्या हार्ड डिस्क जाहीर केल्या. लेसरने तापवून चुंबकाने लिहिण्याची कल्पना मात्र जुनी आहे. १९८० च्या दशकातील चुंबकीय-प्रकाशीय तबकड्या आणि १९९२ ची सोनीची ‘मिनिडिस्क’ यांत ती वापरली गेली होती.

प्रकाशीय तबकडीचा विकास

१९७८ मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेल्या ‘लेसरडिस्क’वर चित्रसंकेत सदृश स्वरूपात साठवलेला असे. फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून विकसित केलेली अंकीय काँपॅक्ट डिस्क (सीडी) ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानमध्ये बाजारात आली. संगणकीय विदा साठवणाऱ्या सीडी-रॉमची क्षमता सुमारे ६५० मेगाबाइट होती, म्हणजे १.४४ मेगाबाइटच्या साडेचारशे फ्लॉपींइतकी.

प्रकाशीय तबकडीची घनता प्रामुख्याने लेसरचा ठिपका किती लहान करता येतो यावर अवलंबून असते. तरंगलांबी जितकी कमी आणि भिंगाची प्रकाश एकवटण्याची क्षमता जितकी अधिक, तितका ठिपका लहान होतो. सीडीसाठी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त लेसर वापरतात व शेजारच्या दोन ट्रॅकमधील अंतर १.६ मायक्रोमीटर असते. १९९६ मध्ये आलेल्या डीव्हीडीत ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर आणि ०.७४ मायक्रोमीटर अंतर वापरून ४.७ गिगाबाइट क्षमता मिळाली. २००६ मध्ये विक्रीस आलेल्या ब्लू-रे तबकडीत ४०५ नॅनोमीटरचा निळसर-जांभळा लेसर आणि ०.३२ मायक्रोमीटर अंतर यांमुळे एका थरात २५ गिगाबाइट विदा मावला. जपानमध्ये शुजी नाकामुरा व इतरांनी गॅलियम नायट्राइडवर केलेल्या कामामुळे असा लेसर शक्य झाला.

एकदाच लिहिता येणाऱ्या सीडी-आरमध्ये खाचांऐवजी रंगद्रव्याचा थर असतो. लेखनाच्या वेळी लेसरच्या उष्णतेने त्याचे गुणधर्म बदलतात. हे रंगद्रव्य ऊन, उष्णता आणि दमटपणा यांमुळे कालांतराने खराब होऊ शकते. कारखान्यात साच्यातून उमटवलेली सीडी आणि घरी लिहिलेली सीडी दिसायला सारखी असली, तरी त्यांचा टिकाऊपणा सारखा नसतो.

त्रुटिसुधार

अतिघन साठवणीत प्रत्येक बिट अचूक वाचला जाईल असे गृहीत धरता येत नाही. म्हणून मूळ विद्यासोबत गणिती सूत्राने काढलेले जादा बिट लिहिले जातात. सीडीमध्ये अमेरिकी गणितज्ञ आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेले संकेत वापरतात. शिवाय सलग विदा तबकडीवर विखरून लिहिला जातो. त्यामुळे ट्रॅकच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा ओरखडा असला, तरी मूळ विदा पूर्णपणे परत मिळवता येतो.

संपूर्ण हार्ड डिस्कच निकामी झाल्यास असा संकेत पुरत नाही. त्यासाठी अनेक डिस्क एकत्र जोडून त्यांवर विदा आणि त्याची गणिती पडताळणी विभागून ठेवतात. बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये या पद्धतीला ‘रेड’ हे नाव दिले. ‘रेड’मुळे डिस्क बिघडल्यावरही काम चालू राहते, मात्र आग, पूर किंवा चुकून केलेली खोडणी यांपासून संरक्षण मिळत नाही. त्यासाठी निराळ्या ठिकाणी स्वतंत्र प्रत ठेवावी लागते.

महाराष्ट्रातील भूमी अभिलेख

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्ह्याचा समावेश होता. पुढे ‘ई-फेरफार’ प्रणालीद्वारे वारसा, खरेदी, बोजा इत्यादींच्या नोंदी संगणकावरच होऊ लागल्या आणि १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. तुळजापूर तालुक्यातील तामलवाडीसारख्या गावातील शेतकऱ्याचा गाव नमुना सात, म्हणजे मालकीहक्काची नोंद, आणि गाव नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंद, पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात असे. आता ती मुख्यतः गावापासून दूर असलेल्या सर्व्हरच्या तबकड्यांवर असते.

या बदलातून त्रुटिसुधाराची मर्यादाही स्पष्ट झाली. तबकडी लिहिलेले बिट अचूक परत देते, परंतु हस्तलिखित सातबारावरून नोंद घेताना क्षेत्राचा अंक चुकला किंवा एखाद्या सहहिस्सेदाराचे नाव राहिले, तर ती चूकही ती तितक्याच अचूकपणे जपते. अशा चुका हस्तलिखिताशी ताडून शोधाव्या लागतात. लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ मध्ये आहे. मूळ कागद जपून ठेवण्याची गरज संगणकीकरणानंतरही संपत नाही, ती यामुळेच.

दीर्घकालीन जतन

धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मराठवाड्यातील त्या काळातील अनेक अभिलेख उर्दू भाषेत आणि मोडी लिपीत आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा असे जुने दस्त मोठ्या प्रमाणावर पुन्हा तपासले गेले. ते वाचण्यासाठी मोडी किंवा उर्दू जाणणारी व्यक्ती पुरेशी होती.

तबकडीवरील विद्यासाठी मात्र तबकडी शाबूत असणे, ती वाचणारे यंत्र मिळणे, फाइलीचे स्वरूप ज्ञात असणे आणि अक्षरांचे संकेतन ओळखता येणे, या चारही गोष्टी आवश्यक असतात. युनिकोडपूर्व काळात मराठी मजकूर वेगवेगळ्या फॉन्टच्या स्वतंत्र संकेतनात लिहिला जात असे. तो फॉन्ट उपलब्ध नसल्यास बिट शाबूत असूनही पडद्यावर निरर्थक चिन्हे दिसतात. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे समान संकेतन १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारले गेले आणि नंतर युनिकोडचा वापर रूढ झाला. डिजिटल अभिलेखांच्या जतनासाठी पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्रात (सी-डॅक) विशेष केंद्रही स्थापन करण्यात आले.

या कारणांमुळे अभिलेख जतनात कोणतीही तबकडी कायमस्वरूपी मानली जात नाही. ठरावीक काळाने विदा नव्या माध्यमावर उतरवणे, प्रत मूळ विद्याशी जुळते का हे गणिती पद्धतीने पडताळणे, एकाहून अधिक ठिकाणी प्रती ठेवणे आणि खुल्या, प्रमाणित स्वरूपांचा वापर करणे, या प्रथा पाळल्या जातात.

सद्यस्थिती

वैयक्तिक संगणक आणि मोबाइलमध्ये हार्ड डिस्कची जागा मोठ्या प्रमाणावर फ्लॅश स्मृतीने घेतली आहे, तर संगीत व चित्रपटांच्या प्रसारात प्रकाशीय तबकडीची जागा इंटरनेटने घेतली आहे. तथापि साठवलेल्या प्रत्येक टेराबाइटमागील खर्च कमी असल्याने मोठ्या विदा केंद्रांत हार्ड डिस्कचा वापर टिकून आहे. मोबाइलवर क्षणात उघडणाऱ्या अनेक अभिलेखांच्या प्रती अखेरीस अशाच फिरत्या तबकड्यांवर साठवलेल्या असतात.