तारेखालचीं गांवें

मुंबई आणि पुणें यांच्या मध्यें, सह्याद्रीच्या अगदीं पायथ्याशीं, रायगड जिल्ह्याचे कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके वसले आहेत. घाटावरून कोंकणांत उतरणारें सैन्य असो, व्यापाऱ्यांचा तांडा असो, कीं सरकारी खलिता असो, त्यास या मुलुखांतून गेल्यावांचून गत्यंतर नसे. बोरघाटाची ही वेसच म्हणावयाची. अशा ठिकाणीं राहणाऱ्या माणसास मोबाईल फोनवर चार शब्द बोलण्यासाठीं टेकडी चढावी लागावी, हें ऐकून शहरांतील श्रोता चकित होईल. ज्याच्या दारावरून राजरस्ता जातो त्यास जगाची वार्ता सर्वांआधीं कळत असेल, असें सहज गृहीत धरलें जातें. परंतु वाटेवर असणें आणि त्या वाटेनें जोडलें जाणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत. आणि त्यांतील अंतर या दोन तालुक्यांत जितकें उघड दिसतें तितकें अन्यत्र क्वचितच दिसेल.

एके काळीं या रानांत खबर स्थानिक माणसाच्या हातीं होती. फेब्रुवारी १६६१ मध्यें मोगल सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन सह्याद्री उतरला आणि आजच्या खालापूर तालुक्यांतील उंबरखिंडींत शिरला. दोन्ही बाजूंस दाट झाडी, मध्यें अरुंद वाट. खानाच्या फौजेची प्रत्येक हालचाल शिवाजीमहाराजांस कळत होती. महाराजांचे मावळे कोठें दबा धरून बसले आहेत, हें मात्र खानास कळत नव्हतें. लढाईचा निकाल त्यांतच लागला. फौज कोंडली गेली, आणि रायबागन हिच्या सल्ल्यानें खंडणी भरून खानास आपली सुटका करून घ्यावी लागली. त्या दिवशीं डोंगर अडथळा नव्हता; तो मावळ्यांचा मित्र होता.

पुढें इंग्रजी अमलांत हा क्रम उलटा झाला. १८३० सालीं गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत बोरघाटांतून गाडीरस्ता खुला झाला. १८५४ त मुंबईहून पुण्याकडे तार गेली आणि १८५५ पासून ती सर्वसामान्य लोकांसही खुली झाली. डाकवाल्यास घुंगरांची काठी घेऊन जो घाट घामाघूम होऊन चढावा लागे, तो निरोपानें क्षणांत ओलांडला. पण तार खांबांवरून जाते. ज्यांच्या शेतांत ते खांब रोवले त्यांच्याशीं ती बोलत नाहीं. तिला बोलावयाचें होतें पुण्याशीं आणि त्यापलीकडच्या छावण्यांशीं.

आगगाडीचीही कथा अशीच आहे. १८५६ त लोहमार्ग खोपोलीपर्यंत आला, १८५८ त खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा भाग तयार झाला, आणि मधला घाट कांहीं वर्षें उतारू पालखींतून किंवा तट्टावरून चढत राहिले. १८६३ त घाटाचें काम पुरें झालें. सदतीस फुटांस एक फूट चढ असलेल्या या मार्गावर एका वेळीं चाळीस हजारांवर मजूर खपत होते, आणि पटकीनें त्यांतले किती दगावले याचा विचार मनांत आल्यावांचून त्या बोगद्यांतून जातां येऊं नये. कर्जत हें मोठें स्टेशन झालें खरें. परंतु पुण्याकडे निघालेली गाडी तेथें थांबे ती घाट चढावयास मागून इंजिन जोडण्यासाठीं. उतारूंनीं वडा खावा, चहा घ्यावा आणि खिडकींतून डोंगर पाहावा. त्या डोंगरामागच्या वाडींत कोण राहतें, हें विचारण्यास तेवढा वेळ पुरत नसे.

यानंतर वीज आली. टाटांच्या जलविद्युत योजनेंतील खोपोलीचें विजेचें केंद्र १९१५ त सुरू झालें, आणि कर्जत तालुक्यांतील भिवपुरीचें १९२२ त. पाणी घाटावरच्या तलावांचें, यंत्रें पायथ्याचीं, आणि उजेड मुंबईच्या गिरण्यांत! केंद्रांतून सुटलेल्या पाण्यानें पाताळगंगा आणि पेज या नद्या बारमाही झाल्या, हा लाभ कमी लेखतां येत नाहीं. परंतु विजेच्या तारा ज्या पाड्यांच्या डोक्यावरून गेल्या ते पाडे दिवसानुदिवस नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्या अंधारांतच राहिले. १९४२ च्या लढ्यांत माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांचा आझाद दस्ता यांनीं याच तारांचे मनोरे पाडण्याचें सत्र आरंभिलें. मुंबईची नाडी आपल्या रानांतून जाते हें त्यांनीं बरोबर ओळखलें होतें. तीनशें वर्षांपूर्वीं उंबरखिंडींत होती तशीच रानाची माहिती त्यांच्या पाठीशीं होती. पण या वेळीं खबर फितुराच्या हातीं गेली, आणि २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडच्या जंगलांत भाई कोतवाल व हिराजी पाटील यांस पोलिसांच्या गोळ्यांनीं वीरमरण आलें.

टेलिफोन मुंबईंत १८८२ सालींच आला होता. खेडेगांवांचा विचार मात्र त्यानंतर शंभर वर्षांनीं झाला. १९८४ त स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेनें धूळ, उष्मा आणि विजेचा लपंडाव सोसूनही चालेल असें १२८ जोडण्यांचें लहान एक्सचेंज तयार केलें, आणि १९८६ त कर्नाटकांतील कित्तूर येथें तें प्रथम बसलें. पुढें गांवोगांव पिवळ्या पाट्यांचीं टेलिफोनचीं दुकानें निघालीं. प्रत्येक गांवास एक तरी सार्वजनिक टेलिफोन असावा असें धोरण ठरलें; परंतु सरकारी हिशेबांत गांव म्हणजे महसुली गांव. कर्जत-खालापूरकडील ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी यांच्या वाड्या मूळ गांवापासून दूर, डोंगराच्या कुशींत असतात. गांवांत टेलिफोन आला म्हणजे वाडीही हिशेबांत जमा झाली; वाडींतला माणूस मात्र पूर्वींप्रमाणेंच दोन तास चालत राहिला.

१९९५ त हिंदुस्थानांत मोबाईल फोन आणि लोकांसाठीं इंटरनेट या दोन्ही गोष्टी आल्या. तार नको, खांब नको. तेव्हां डोंगराची अडचण आतां सरली, असें वाटावयास हरकत नव्हती. पण लहरींचा स्वभाव आड आला. मुंबई आकाशवाणीच्या मध्यम लहरी शेंकडों मीटर लांबीच्या असतात. त्या टेकडीस वळसा घालून खोऱ्यांत उतरतात, आणि म्हणून रानांतल्या झोंपडींतही रेडिओ वाजूं शकतो. मोबाईलच्या लहरी त्यामानानें अगदीं आंखूड; कांहींची लांबी हातभर, तर पुष्कळांची वीतभरही नाहीं. त्या जवळजवळ प्रकाशासारख्या सरळ जातात, आणि जेथें काळ्या कातळाची सावली पडते तेथें त्यांचाही अंधार पडतो. द्रुतगति महामार्गालगत फोन खणखणीत बोलतो, आणि त्याच मार्गावरून दिसणाऱ्या कड्यामागें मुका होतो, याचें रहस्य एवढेंच. टॉवर प्रत्येक खोऱ्यांत उभारतां येतो. पण पन्नास घरांच्या वाडीसाठीं कंपनीनें तो कां उभारावा? बंगलेवाल्यांची वस्ती असेल तेथें गोष्ट निराळी.

शिवाय बिनतारी म्हटलेला हा फोन विजेच्या तारेवरच जगतो. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां जिल्ह्यांत विजेचे खांब आडवे झाले आणि त्यांच्या मागोमाग फोनही गप्प झाले. त्याच महिन्यांत शाळा फोनवर भरूं लागल्या होत्या. ज्या मुलाच्या वाडींत रेंज नाहीं त्याच्यापुरती ती शाळा बंदच होती, मग हजेरीपटांत कांहींही लिहिलें असो.

एक काळ असा होता कीं, फोन नसला तर फार तर निरोप चुके. आतां रेशनच्या दुकानांत अंगठा यंत्रावर उमटला पाहिजे, आणि यंत्रास दूरच्या केंद्राशीं बोलतां आलें पाहिजे, तरच धान्य. रोजगार हमीच्या कामावरील हजेरी १ जानेवारी २०२३ पासून फोनवरून छायाचित्रासह नोंदविणें सक्तीचें झालें. दिवसभर माती उपसली, पण नोंद वर चढली नाहीं, तर मजुरी अडते. हक्क आणि माणूस यांच्यामध्यें आतां ही एक लहर उभी आहे.

उपाय झाले नाहींत असें मात्र नव्हे. टेलिफोन कंपन्यांच्या उत्पन्नांतून शेंकडा पांच घेऊन खेड्यांसाठीं निधि उभारण्यांत आला. २००३ सालीं त्यास कायद्याचा आधार मिळाला. २०११ त ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूंची जाळी नेण्याची योजना मंजूर झाली, तीच पुढें भारतनेट. २०२२ च्या जुलैंत देशांतील २४,६८० सेवावंचित गांवांसाठीं २६,३१६ कोटी रुपयांची तरतूद झाली. रक्कम मोठी आहे. हेतूही चांगला आहे. परंतु भारतनेटचा तंतु ग्रामपंचायतीच्या कचेरींत येऊन संपतो, आणि कचेरीपासून वाडीपर्यंतचा डोंगर पूर्वीं होता तेथेंच राहतो.

खालापूर तालुक्यांत चौक गांवाजवळ इर्शाळगड आहे. मुंबईपासून तो सुमारें ८० किलोमीटर. महामार्गावरून त्याचा सुळका स्पष्ट दिसतो. त्याच्या कुशींत इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी होती. घरें ४८, माणसें २२८. तेथें गाडीरस्ता नव्हता. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं, साडेदहा-अकराच्या सुमारास, भर पावसांत वाडीवर दरड कोसळली. साडेअकराच्या सुमारास खबर जिल्ह्याच्या यंत्रणेस मिळाली. म्हणजे निरोप तासाभराच्या आंत डोंगर उतरला. माणसांस मात्र चिखलांतून, काळोखांत, पायीं चढावें लागलें. चढतांना अग्निशामक दलाच्या एका कर्मचाऱ्याचा मृत्यु झाला. हेलिकॉप्टरें सज्ज होतीं, पण ढगांमुळें उडूं शकलीं नाहींत. माती उपसण्याचीं यंत्रें वर नेतां आलीं नाहींत, तेव्हां कुदळ-फावड्यांनीं खोदकाम चाललें. २३ जुलैस शोध थांबविण्यांत आला. २७ मृतदेह हातीं लागले होते. ५७ माणसें सांपडलीं नाहींत. दरडींचा धोका असलेल्या ठिकाणांची एक सरकारी यादी होती. इर्शाळवाडीचें नांव तींत नव्हतें.